हजार धाग्यांची चादर आणि रात्रभरचा घाम

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, वय ५४. मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे, म्हणून घरातल्या चादरी एकदाच काय त्या चांगल्या घ्यायच्या असं ठरवलं. ऑनलाइन '१००० थ्रेड काउंट, इजिप्शियन कॉटन, हॉटेल क्वालिटी' अशी डबल बेडशीट १,१९९ रुपयांना मिळाली. पाकिटातून काढली तेव्हा इतकी मऊ लागली की मी खूश झाले. पण आमच्या ह्यांना तिच्यावर रात्रभर घाम येतो. चार धुण्यांत मधोमध बारीक गोळे आले. कोपरे तर रोज सकाळी गादीबाहेर. सासूबाई म्हणतात, सोलापुरी आणा, जन्मभर पुरेल. जाऊबाई म्हणतात, लिनन घे. होणारी सून साटीन म्हणते. ठाण्यात एका दुकानात गेले तर तिथला मुलगा नुसते आकडे सांगत होता, २१०, ३००, ४००. घ्यायचा तरी कुठला? खरं कॉटन ओळखायचं कसं? बजेट सगळं मिळून आठ हजार. त्यात आम्हा दोघांच्या, मुला-सुनेच्या आणि लग्नाला राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्याही चादरी बसवायच्या आहेत.

– एक गोंधळलेली यजमानीण, डोंबिवली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचा तो हजाराचा आकडा आधी बाजूला काढू, कारण तुमची निम्मी अडचण त्याच्यातच आहे. थ्रेड काउंट म्हणजे एक इंच लांब आणि एक इंच रुंद एवढ्या कापडात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे किती आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, किती, या दोन्हींची बेरीज. उभे ११० आणि आडवे ९० असले की झाला २०० थ्रेड काउंट. दुकानातला मुलगा सांगत होता ते २१०, ३०० हेच. त्यात लपवाछपवी काही नाही. पण हजार म्हणजे त्याच इंचभर जागेत हजार धागे दाटीवाटीने बसवायचे. धागा कितीही बारीक काता, त्याला जाडी असतेच, आणि दुसऱ्या धाग्याच्या वरून-खालून जायचं तर त्यालाही जागा लागते. साध्या, एकेरी सुती धाग्यात तीन-चारशेच्या पुढे ती जागा संपत येते.

मग हजार येतात कुठून? हिशेबातून. दोन किंवा चार बारीक सुतं एकत्र पिळून एक धागा करायचा, याला प्लाय म्हणतात, आणि मोजताना तो एक न धरता चार धरायचे. २५० ची चादर कागदावर १,००० ची होते. किंवा आडवे धागे एकेक न टाकता जुडीजुडीने टाकायचे आणि जुडीतला प्रत्येक धागा वेगळा मोजायचा. अशी चादर जड होते, तिच्यातून हवा कमी खेळते, पण निदान सुती तरी असते. तुमची बहुधा तेवढीही नाही.

मी ती पाहिलेली नाही, तरी तुम्ही सांगितलेल्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. पहिली, घाम. कापूस हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के इतकी सहज पिऊन घेतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. म्हणजे अंगाचा घाम कापडात मुरायचा तो कातडीवरच बसून राहतो, आणि डोंबिवलीच्या दमट हवेत तो वाळायचाही नाही. दुसरी, गोळे. गोळे सुती कापडालाही येतात, पण कापसाचा तंतू कमजोर असल्याने ते धुण्यात गळून जातात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट, तो गोळ्याला घट्ट धरून ठेवतो, आणि मग चादर खरखरीत लागते. तिसरी खूण पहिल्या दिवसाचा तो मऊपणा. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टरचेच अतिबारीक तंतू. ते नवेपणी मऊच लागतात, आणि ब्रश फिरवून आणखी मऊ केलेले असतात.

संशय नको म्हणून घरीच खात्री करून घ्या. चादरीच्या दुमडलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा सुईने ओढून काढा. दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण कधी कधी ताणा सुती आणि बाणा पॉलिएस्टर असा माल असतो. धागा चिमट्यात धरा, खाली बेसिन ठेवा, पंखा बंद करा आणि काडी लावा. कापूस लगेच पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो, आणि मागे राहते ती करडी राख बोटाने नुसती स्पर्शली तरी भुगा होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आक्रसतं, मग वितळतं, काळा धूर आणि उग्र गोडसर वास सोडतं. थंड झाल्यावर टोकाला काळा, टणक मणी उरतो, तो नखाने फुटत नाही. दोन्हींचं मिश्रण असेल तर राखेतच खडा लागतो. वितळलेला थेंब हातावर पडला तर चांगलाच भाजतो, म्हणून चिमटा विसरू नका.

मणी निघाला आणि लेबलवर '१००% कॉटन' लिहिलेलं असेल, तर पाकीट, बिल आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मात्र लेबल नीट वाचा. 'कॉटन फील', 'कॉटन ब्लेंड', 'ग्लेस कॉटन' असं काही असेल तर विकणाऱ्याने पळवाट आधीच ठेवलेली आहे. तीन-चारशे रुपयांत दोन अभ्र्यांसकट मिळणाऱ्या 'ग्लेस कॉटन'च्या डबल चादरीत बरेचदा कापसाचं नावच असतं.

'इजिप्शियन'बद्दलही तेच. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी लांब धाग्याचा उत्तम कापूस होतो, त्याच्या गिझा जाती जगात नावाजलेल्या आहेत, हे खरं. पण तो थोडा पिकतो आणि महाग असतो. २०१६ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने वेल्सपन या आपल्याकडच्या मोठ्या निर्यातदाराशी व्यवहार तोडला, कारण इजिप्शियन म्हणून पुरवलेल्या चादरींत दुसराच कापूस निघाला. सुमारे साडेसात लाख नग होते. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला दोन वर्षं पत्ता लागला नाही, तर १,१९९ रुपयांच्या पाकिटावरच्या शब्दावर तुम्ही-आम्ही काय विसंबायचं? आणि इजिप्तच कशाला हवं? आपल्याकडे १९७४ मध्ये कोइमतूरला सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या जातींच्या संकरातून सुविन नावाचा कापूस तयार झाला. त्याचा तंतू ३५ मिलिमीटरच्याही पुढे जातो, पण तोही दुर्मीळच. विदर्भ-मराठवाड्यात पिकणारा नेहमीचा कापूस साधारण २८ ते ३० मिलिमीटरचा. चादरीसाठी तो पुरेसा आहे, सूत नीट कातलेलं हवं.

आता तुमचा खरा प्रश्न, घ्यायचं काय. दुकानात गेल्यावर थ्रेड काउंट विचारू नका, तो दुकानदार आपणहून सांगणारच आहे. तुम्ही सूत विचारा. सुताला नंबर असतो, ३०, ४०, ६०, ८०. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. दोनशेच्या आसपासची चादर साधारण ४० नंबरच्या सुताची असते, तीनशेची ६० नंबरच्या. दुसरा प्रश्न, कोम्ब्ड आहे का? कापूस कातण्याआधी विंचरून आखूड तंतू काढून टाकले की सूत गुळगुळीत होतं. आखूड तंतूंची टोकंच पुढे वर येऊन गोळे होतात. तिसरा, सिंगल प्लाय का? या तीन प्रश्नांना सरळ उत्तरं देणारा दुकानदार मिळाला तर निम्मं काम झालं. उत्तरं नाही मिळाली, तर माल त्यालाही ठाऊक नाही असं समजा. ४० नंबर कोम्ब्ड, सिंगल प्लाय, २०० थ्रेड काउंट अशी प्रामाणिक चादर तुमच्या त्या हजारीपेक्षा दसपट बरी, हे माझं स्पष्ट मत.

वीण मात्र थ्रेड काउंटपेक्षाही महत्त्वाची, आणि तुमच्या सूनबाईंचा मुद्दा इथे येतो. साध्या विणीत धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून जातो. बाजारात याला परकेल म्हणतात. कापड थोडं करकरीत लागतं, चमक नसते, चुरगळतं, पण हवा खेळती राहते आणि अंगाला चिकटत नाही. साटीनमध्ये धागा चारांच्या वरून जातो आणि एकाच्या खालून. वर मोकळे राहिलेले ते लांब धागे चमकतात, हाताला रेशमी लागतात, पण कापड दाट आणि थोडं ऊबदार होतं, आणि बांगडी, पैंजण, पायाचं नख लागलं की धागा ओढला जातो. कॉटन साटीन वाईट नाही, पण घाम येणाऱ्या माणसाला, ठाणे जिल्ह्यात, एसीविना, मी साटीन देणार नाही. तुम्हा दोघांसाठी साधी वीण, १८० ते २५० च्या दरम्यान. मुलाच्या खोलीत एसी असेल तर सूनबाईंना त्यांच्या आवडीचं ३०० चं कॉटन साटीन खुशाल घेऊ द्या. 'कॉटन' शब्द मात्र तपासा, कारण नुसतं 'साटीन' म्हणून पॉलिएस्टरही विकतात. आणि रंग त्यांनाच निवडू द्या. पुढची कित्येक वर्षं त्या खोलीत त्यांना झोपायचंय, तुम्हाला नाही.

जाऊबाईंचं लिनन. जवसाच्या रोपाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं कापड ते. आपल्या हवेला उत्तमच, घाम कापसाहूनही लवकर सोडतं. पण अस्सल लिननची एक डबल चादर तुमच्या बजेटचा मोठा घास घेईल आणि नेहमी चुरगळलेली दिसेल. लग्नघरात नको. पुढे कधीतरी एक घेऊन बघा.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. सोलापुरी चादर जेकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणलेली, जाड सुताची, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी. तेलंगणातून सोलापुरात येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी ती घडवली. तिला भौगोलिक मानांकनही आहे, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या मानांकनांपैकी. ती टिकते, धुण्याला घाबरत नाही, आणि पांघरायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती मुळात पांघरायची. गादीवर घट्ट ओढून बसवायची आणि त्यावर उघड्या अंगाने झोपायचं, तर जाड सुताचा पोत टोचतो, आणि पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून सासूबाईंचा सल्ला पाहुण्यांसाठी वापरू, त्यावर शेवटी येते. घेताना लेबलवर सोलापूरच्या कारखान्याचं नाव-पत्ता बघा, कारण 'सोलापुरी' म्हणून बाहेरचा माल सगळीकडे फिरतो.

'हॉटेल क्वालिटी'ला फसू नका. हॉटेलं बरेचदा २०० ते ३०० च्या पांढऱ्या चादरी वापरतात, त्यातही कित्येक पॉली-कॉटनच्या, कारण त्या रोजच्या धुलाईत टिकतात. तिथे अंथरुणाला पाठ टेकताना जो कडक, थंड स्पर्श होतो तो गरम रुळांमधून काढलेल्या इस्त्रीचा. घरी परकेलची चादर किंचित ओली असताना इस्त्री करा, तेच सुख मिळेल.

दुकानात आता हाताने काय बघायचं. चादर पाकिटातून काढायला लावा. काढून दाखवत नसतील तर घेऊ नका. एक कोपरा दोन्ही तळव्यांत धरा आणि कपडे चोळून धुतो तसा कोरडाच जोरात चोळा. पांढरी पूड हातावर आली किंवा चोळलेली जागा अचानक लिबलिबीत आणि विरळ दिसू लागली, तर कापडाला खळ भरलेली आहे आणि पहिल्या धुण्यात ते मच्छरदाणी होणार. मग कोपरा मुठीत दाबून सोडा. सुती कापडावर चुण्या राहतात. एकही चुणी न पडता ते झटकन सरळ झालं, तर एकतर पॉलिएस्टर आहे किंवा 'रिंकल-फ्री'चं रसायन मारलंय. ते रसायन धागा कमजोर करतं, आणि साधारणपणे त्यात फॉर्माल्डिहाइडची जातकुळी असते. नाजूक कातडीच्या माणसाला नकोच. मग चादर दुकानाच्या ट्यूबलाइटसमोर धरा. विणीतून उजेड सारखा, बारीक चाळणीसारखा यायला हवा. मध्येच जाड गाठी, विरळ पट्टे, तुटके धागे दिसले तर बाजूला ठेवा. मधोमध जोड आहे का तेही बघा. अरुंद मागावरचं कापड दोन पट्ट्या जोडून डबलची चादर करतात. मोठ्या पन्ह्याचं अखंड कापड हवं.

छापील चादर असेल तर उलटी करून बघा. रंग मागच्या बाजूला थोडाफार तरी उतरलेला असेल तर रंग धाग्यात मुरलाय. मागची बाजू कोरी आणि पुढे छापाच्या जागी कापड पापडासारखं कडक, तर तो वरून चिकटवलेला पिगमेंट रंग. तो घासून जातो. पांढरा रुमाल किंचित ओला करून गडद भागावर दहा-बारा वेळा घासा, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. सांगानेरी, बगरू छापाच्या चादरी छान दिसतात, मलाही आवडतात, पण त्यातल्या गडद निळ्या-लाल रंगांना हा रुमाल लावल्याशिवाय पांढऱ्या अभ्र्यांबरोबर एका बादलीत टाकू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, ही समजूत सोडून द्या. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही.

कोपरे निसटतात त्याचं कारण निम्मं पॉलिएस्टरचा गुळगुळीतपणा आणि निम्मं माप. आपण 'डबल' मागतो आणि दुकानदार 'डबल' देतो, पण गाद्या जाड झाल्यात, चादरी नाहीत. टेप घ्या आणि गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. रुंदीत जाडीची दुप्पट मिळवा, शिवाय दोन्ही बाजूंना खाली दाबायला दहा-दहा इंच. ७२ इंच रुंद आणि ८ इंच जाड गादी असेल तर ७२ अधिक १६ अधिक २०, म्हणजे १०८ इंच. लांबी ७८ असेल तर ७८ अधिक १६ होतात ९४, वर दाबायला १४ इंच, पुन्हा १०८. म्हणजे तुम्हाला १०८ बाय १०८ हवी, आणि दुकानात डबल म्हणून ९० बाय १०० हातात पडते. त्यात सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटू शकतं. १०८ मधले पाच गेले तर कोपरा आलाच बाहेर. 'सॅनफोराइज्ड' किंवा 'प्री-श्रंक', म्हणजे आधीच आटवलेलं, असं लिहिलेलं असेल तर ही धास्ती कमी. नसेल तर माप मोठंच घ्या. इलॅस्टिकवाली चादर घ्यायची असेल तर तिच्या खिशाची खोली गादीच्या जाडीपेक्षा दोन-तीन इंच जास्त हवी, आणि इलॅस्टिक चारही बाजूंनी असावं, नुसतं कोपऱ्यांना नको.

कुठून घ्यायची? ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही, पण विणीचं नाव, सुताचा नंबर आणि इंचांतलं माप लिहिलेलं नसेल तर तो माल सोडून द्या. तुमच्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना एक जास्त चांगला रस्ता आहे, आणि तो हल्ली लोक विसरलेत: मीटरवर कापड घ्या. उल्हासनगरच्या कापडबाजारात मोठ्या पन्ह्याचं शीटिंगचं कापड ताग्यातून कापून देतात. १०८ इंच पन्ह्याचं तीन मीटर घेतलं की एक मोठी चादर होते, आटायला थोडी जागाही राहते. कडा शिंप्याकडून मुडपून घ्या. ताग्याच्या काठावर कधी कधी सुताची माहिती छापलेली असते. चार धागे ओढून घरी जाळून बघायला कापडाचा तुकडाही मिळतो. अभ्रे त्याच कापडात. हातमागाचं हवं असेल तर खादी भांडारात आणि हातमागाच्या प्रदर्शनांत कन्नूर, चेन्नीमलईच्या साध्या विणीच्या चादरी येतात. त्यावर हातमागाचं 'हँडलूम मार्क' लेबल शोधा, ते २००६ पासून आहे. ओइको-टेक्स असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ कापडात घातक रसायनं नाहीत हे तपासलंय, कापूस सेंद्रिय आहे असा नाही. त्यासाठी गॉट्स नावाचं वेगळं प्रमाणपत्र असतं. लग्नाच्या धावपळीत या दोन्हींवर फार वेळ घालवू नका.

आठ हजारांची विभागणी मी अशी करीन. तीन हजार तुम्हा दोघांवर, त्यात साध्या विणीच्या दोन चादरी, चार अभ्रे. दोनच, पण चांगल्या; एक वापरात, एक धुण्यात. गडद रंग टाळा, घामाचे डाग फिक्या चादरीवर दिसतात आणि म्हणून वेळेवर धुतल्या जातात. अडीच हजार मुला-सुनेच्या साटीनच्या संचाला. उरलेले अडीच हजार पाहुण्यांना.

नवीन चादरी आल्या की लग्नाच्या दिवसासाठी पाकिटात जपून ठेवू नका. मार्गशीर्षाला अवकाश आहे तोवर दोनदा धुवा. पहिली वेळ साध्या थंड पाण्यात, वेगळ्या, म्हणजे खळ आणि जास्तीचा रंग निघून जाईल. दुसऱ्यांदा नेहमीची पावडर, पण थोडी. कोम्ब्ड सुती चादर दर धुण्याला मऊ होत जाते, म्हणून दुकानात थोडी कडक लागली तर घाबरू नका. सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम टिपायची ताकद कमी होते, मग एवढा खटाटोप कशाला केला? उन्हात वाळवताना उलटी टाका. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवावी लागली तर पूर्ण सुकल्याशिवाय घडी करू नका, कपाटात काळे ठिपके पडतात आणि ते मग ब्लीचनेच जातात, आणि ब्लीचने चादरही जाते. ह्यांना धुळीची ॲलर्जी वगैरे असेल तर महिन्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा, अंथरुणातले बारीक किडे त्या तापमानाला मरतात. त्यासाठी पांढरी किंवा फिकी चादर बरी.

राहिले पाहुणे. किती जण राहणार ते तुम्ही लिहिलं नाही, पण सगळ्यांना नवीन चादरी घ्यायच्या हा विचार सोडा. गाद्या मांडववाल्याकडून भाड्याने आणा, पण त्याच्या चादरी आणू नका, त्या कुठे कुठे फिरून येतात ते न विचारलेलं बरं. अडीच हजारांतून मावतील तेवढ्या सिंगल सोलापुरी घ्या. डिसेंबरच्या रात्री त्या पांघरायला लागतीलच, आणि सासूबाईंचाही मान राहील. अंथरायला घरातल्या जुन्या सुती चादरी आणि धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी चालते, दुहेरी घडीत एका गादीला पुरते. कमी पडल्या तर शेजारी दोन दिवसांसाठी मागायला लाजू नका, परत करताना धुऊन इस्त्री करून द्या. आणि ती हजारी मायक्रोफायबर चादर पाहुण्यांना मुळीच देऊ नका. रुखवताचं आणि मांडवाचं सामान गाडीतून नेताना धूळ बसू नये म्हणून वरून टाकायला ती अगदी योग्य आहे, पाणीही पटकन आत जाऊ देणार नाही.